मावशीने एकटीला सांगितलेलं

मी एक टेपरेकॉर्डर आहे. पंज्याएवढा, काळा, कोपऱ्यात लाल दिवा असलेला. १९९८ साली एका विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने मला विकत घेतलं आणि तिथे शिकवणाऱ्या सत्यवतीच्या हाती दिलं. सगळे तिला मॅडम म्हणत. पण मी तिच्या पर्समध्ये, तिच्या कंगव्याला टेकून राहिलो. मी तिला नावानेच ओळखतो.

सत्यवती मालवणच्या किनाऱ्यावरची. तिच्या वाडीतून विद्यापीठात शिकवायला गेलेली पहिली बाई. मासे विकणाऱ्या बायकांवर ती पुस्तक लिहीत होती. मला घेऊन ती बंदरावर, लिलावात, बाजारात हिंडली. बायका आधी मला बघून पदर सावरत, जसा काही मी फोटोच काढणार! पाच मिनिटांत मला विसरून हसायला लागत, भांडायलाही लागत. मला ते दिवस फार आवडले. आपण चांगल्या कामाला लागलोय असं वाटायचं.

हौसाबाई तिची सख्खी मावशी. आई गेल्यावर सत्यवतीला तिनेच वाढवलेलं. घरात तिची स्वतःची लग्नाला आलेली मुलगी, लक्ष्मी. हौसाबाईच्या नवऱ्याला समुद्राने नेलं त्याला बारा वर्षं झाली, असं सगळी वाडी सांगायची.

एका दुपारी हौसाबाई पडवीत सुका जवळा निवडत बसली होती. मी सत्यवतीच्या मांडीवर. बोलता बोलता हौसाबाईचा हात थांबला.

"ह्या मशीन बंद कर गो. आता सांगतंय ता तुका एकटीक."

"बंद केलंय गो मावशी."

सत्यवतीचा अंगठा माझ्या बटणावर आला. मी थांबायच्या तयारीत होतो. पण तिने तो दाबलाच नाही. मला पदराखाली सरकवलं. तिथल्या अंधारात माझा लाल दिवा तसाच जळत राहिला.

"तुझो काको बुडाक नाय," हौसाबाई म्हणाली. "गोंयात आसा, दुसरी बायल करून. पळान गेल्याच्या चेडवाक कोण सून करून घेतलो? म्हणान बुडालो असां सांगलंय. जित्या घोवाच्या नावान काकणां फोडलंय. लक्ष्मीक पण ठावक नाय."

मग ती रडली. तेही माझ्यात उतरलं. आपणहून थांबता येत असतं तर मी थांबलो असतो.

पुढच्या वर्षी लक्ष्मी शिरोड्याला नांदायला गेली. २००२ मध्ये पुस्तक आलं आणि त्यातलं पडवीतल्या त्या दुपारचं प्रकरण सगळ्यात गाजलं. पुस्तकाला राज्यपातळीवरचा मोठा पुरस्कार मिळाला. केंद्रात पेढे वाटले, कुलगुरूंनी अभिनंदनाचं पत्र धाडलं. वर्तमानपत्राने ते प्रकरण पानभर छापलं. हौसाबाईचं नाव बदललेलं होतं. वाडीचं नाव मात्र तसंच, नवरा जिच्यासोबत बुडाला म्हणायचे त्या होडीचं नावही तसंच. शिरोड्याला लक्ष्मीच्या दिराने ते ओटीवर बसून मोठ्याने वाचलं. आठ दिवसांत लक्ष्मी लेकराला घेऊन माहेरी परतली.

त्याच महिन्यात कणकवलीच्या एका कॉलेजात सत्यवतीचा सत्कार होता. कार्यक्रम संपला. शिक्षकांच्या खोलीत चहा चालू होता, टेबलावर शाल आणि नारळ. दारात हौसाबाई उभी राहिली.

"सत्या, त्या दिवशी मशीन बंद केललंस मां?"

सत्यवतीने कप खाली ठेवला. "मावशी, मी तुझं नाव कुठेच दिलेलं नाही. आणि तुझ्या अनुभवातून किती स्त्रियांना बळ मिळतंय, तुला कल्पना नाही."

मावशीशी कायम मालवणीत बोलणारी सत्यवती आता सभेतलं मराठी बोलत होती.

"माझ्यावांगडा भाषण करू नको. माका ऐकव."

सगळे बघत होते. सत्यवतीने मला पर्समधून काढलं. पुढे व्याख्यानात वाजवायची म्हणून ती टेप माझ्यात घातलेलीच होती. हौसाबाईने आपलं "बंद कर गो" ऐकलं, "बंद केलंय" ऐकलं, शेवटपर्यंत आपलं रडणं ऐकलं. मग हात पुढे केला.

"ती टेप माका दी."

"ती विद्यापीठाची आहे, मावशी. मला देता येत नाही."

"रडलंय मी, आणि टेप विद्यापीठाची?"

कुणी तिला बस म्हणालं नाही. ती गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "साधी बाई आहे, तिला नाही कळायचं." सत्यवतीने मला पर्समध्ये टाकलं आणि शाल-नारळ उचलला.

पुढचं मी केंद्राच्या कपाटात पडून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बोलण्यातून ऐकलं. लक्ष्मी वर्षभर आईशी बोलली नाही. तिलाही फसवलंच होतं ना! मग एक दिवस आपली पाटी घेऊन बाजारात आईच्या शेजारी येऊन बसली. सासरी ती परत गेली नाही. सत्यवती केंद्राची प्रमुख झाली, परदेशात व्याख्यानं देऊन आली. वाडीत मात्र तिला पुन्हा कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे केला नाही.

आता २०१० चालू आहे. माझा टेप फिरवणारा पट्टा तुटलाय आणि ती टेप पोटात अडकून बसलीय. सोमवारी एक माणूस मला उघडणार आहे. जुने आवाज कॉम्प्युटरवर चढवायचेत म्हणे, जगात कुणालाही ऐकता यावेत म्हणून.

तुमच्यापैकी कुणी त्याला ओळखत असेल, तर एवढं कराल? त्याला सांगा, हे यंत्र दुरुस्त होण्यासारखं नाही, आतली टेपही गेलीय. खोटं बोलावं लागेल. माझ्यासाठी नको, हौसाबाईसाठी बोला.