एका किल्लीचे पट्टे

डोंगरावर बर्फाची पहिली साय धरली, तशी पाडसांच्या कानांना मालकीच्या खुणा करायची लगबग सुरू झाली. वाडग्यात रेनडिअर गोल गोल फिरत होते, खुरांचा ताल घुमत होता आणि कुंपणाशी राव्ना दात आवळून उभी होती.

तिच्या माणसांत एक रीत आहे. कुणाकडे जनावरं किती, हे विचारायचं नाही. सख्ख्या भावालाही नाही. आणि काल दुकानात, कॉफी ओतून घेताना, एका परक्या गड्यानं तिचा आकडा तिलाच हसत हसत ऐकवला. वर म्हणाला, "तुझी एक मादी नदीपल्याड एकटीच चरतेय की!"

"तोर्केल, जनावरांच्या गळ्यातले हे पट्टे कुणाकुणाशी बोलतात रे?" राव्नानं विचारलं.

तोर्केल दक्षिणेकडचा, पट्टे विकणारा. "टेकडीवरच्या खांबाशी. दर तासाला जनावराची जागा सांगतात. रेडिओची ती कुजबुज दहा कोस जाते, पण कुलूपबंद असते, किल्लीशिवाय कुणाला कळत नाही."

"आणि किल्ली? दर पट्ट्याची वेगळी?"

त्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले. "कारखान्यातून आली तीच. सगळ्यांना एक. बदलता येते, ताई, पण एकेक पट्टा उघडावा लागेल. बर्फ तोंडावर आलाय."

"म्हणजे चोरानं तुझा एक पट्टा विकत घेऊन फोडला नि किल्ली काढली, की सगळ्यांचे कळप त्याला घरबसल्या ऐकू येणार!"

कळपवाल्यांतले वडीलधारे आन्तेकाका पुढे आले. "पोरी, एवढा हिवाळा निभावून ने. सगळ्यांनी जनावरांना घातलेत. तूच कोण मोठी शहाणी लागून गेलीस?"

"मग काका, यंदा सगळ्या पाडसांच्या कानांवरही एकच खूण करा. तुमची, माझी, साऱ्या गावाची. तेवढाच वेळ वाचेल!"

कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. पाळण्यातल्या पोरालाही जिथं स्वतःची खूण देतात, तिथं हे बोलणं शिवीसारखं लागलं.

"जीभ फार चालते तुझी," काका म्हणाले.

"सुरी त्याहून बरी चालते."

राव्नानं आपल्या एका मादीचं शिंग धरलं आणि पट्टा कापला. मग दुसरा. मग पुढचा.

"अहो, हमी जाईल!" तोर्केल ओरडला.

"जाऊ दे. कळप तर राहील!"

"वादळात हरवला तर शोधशील कशी?" काकांनी विचारलं.

"आई शोधायची तशी. स्कीवरून, पायांनी, डोळ्यांनी."

"एकटी पडशील, राव्ना."

"पडेन. पण माझं जनावर आपल्या तोंडानं चोराला हाक घालणार नाही."

तिनं आपली जनावरं वेगळी काढून फाटक उघडलं. बाकीच्यांचे पट्टे तसेच राहिले, काकांचेही. उघड्या मानांचा तिचा कळप उताराला भिडला, आणि स्की खांद्यावर टाकून राव्ना त्याच्या मागं निघाली.