गाळलेली आठ मिनिटं

तिने शेवटचा श्वास कापला आणि ध्वनिमुद्रण सुरुवातीपासून लावलं. पडद्यावर आवाजाची निळी रेघ सरकू लागली. एक वाक्य, त्याला लागून दुसरं, त्याला लागून तिसरं. मध्ये खाकरणं नाही, ओठांची चपचप नाही, हवा नाही. सत्तावीस मिनिटांचं काम एकोणीस मिनिटांत बसलं होतं.

स्टुडिओचे मालक मागून डोकावले.

"हवा काढलीस?"

"सगळी."

"मग पाठव लगेच. इस्पितळाची माणसं सकाळपासून जीव खातायत."

बोलणाऱ्याचा श्वास ऐकणाऱ्याच्या कानावर पडू द्यायचा नाही, हा तिथला पहिला नियम. बँकेची सूचना असो की कादंबरीचं वाचन, वाक्याआधी हवा आत ओढल्याचा बारीक उंचवटा रेघेवर दिसला की तिचं बोट आपोआप चालायचं. एकवीस वर्षांची सवय होती. मूळ ध्वनिमुद्रण दहा दिवस ठेवायचं आणि मग पुसून जागा मोकळी करायची, हा दुसरा नियम.

हा आवाज योगाच्या बाईंचा होता. त्या इस्पितळाच्या मनोविकार विभागात तेरा वर्षं रुग्णांना आसनं आणि श्वसन शिकवत होत्या. आता त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली होती आणि नंतर आवाज राहील अशी खात्री कोणी देत नव्हतं. म्हणून श्वसनाचा एक पाठ आधीच भरून ठेवायला त्या आल्या होत्या. तो विभागात घरून येणाऱ्या चाळीस रुग्णांना मिळणार होता. त्या चाळिसांत तिचा धाकटा भाऊ होता.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. दार लागल्याच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. सात महिन्यांपूर्वी एका सकाळी तो बूट घालायला खुर्चीवर बसला, एक बूट घातला आणि दुसरा हातात धरून तसाच राहिला. तेव्हापासून तो बहिणीकडे होता. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की आडवा व्हायचा. सांगितल्याशिवाय मात्र खुर्चीतून उठायचा नाही. गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी आता श्वसनही सांगितलं होतं. "गोळ्यांऐवजी नाही, गोळ्यांच्या जोडीला," असं त्यांनी दोनदा बजावलं. मग तिला बाजूला घेऊन म्हणाले, "महिनाभर बघू. फरक नाही पडला, तर दाखल करून घ्यावं लागेल."

रोज सकाळी त्याच्या कानांना हेडफोन लावून ती कामाला निघायची. पंधराव्या दिवशी त्याने ते काढून तिच्या हातात दिले.

"नाही जमत."

"बाई सांगतात तसं करत जा ना."

"त्या कुठे करतात?"

"म्हणजे?"

"घ्या म्हणतात आणि लगेच सोडा म्हणतात. मी घेतोय तोवर त्या पुढे. मागे धावून धाप लागते. वाटलं, माझंच चुकतंय. म्हणून बोललो नाही."

तिने उभ्या उभ्याच हेडफोन कानांना लावले. घ्या. सोडा. घ्या. स्टुडिओत तिने हा आवाज स्वच्छ आहे ना, एवढंच ऐकलं होतं. त्याचं म्हणणं करून पाहिलं नव्हतं. आता तिने करून पाहिलं आणि दुसऱ्याच मिनिटाला खुर्चीचा हात धरला.

मूळ ध्वनिमुद्रण पाच दिवसांपूर्वीच पुसलं गेलं होतं.

"श्वासाच्या पाठातले श्वास काढलेस?" मालकांनी कपाळाला हात लावला. "अगं, तलावातलं पाणी उपसायचं आणि म्हणायचं, या, पोहायला!"

"तुम्हीच विचारलंत, हवा काढलीस का."

"ते मी रोजच विचारतो!"

पण इस्पितळाला फोन त्यांनीच केला. पाठ तूर्त कोणाला देऊ नका, चूक आमची आहे, असं ते तीन वेगवेगळ्या माणसांना सांगत राहिले.

शस्त्रक्रिया झालेल्या बाई इस्पितळातल्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. गळ्याला पट्टी, पट्टीतून बाहेर आलेली आखूड नळी. बोलायला बंदी होती. तिने खाली मान घालून सगळं सांगितलं. शब्द शाबूत आहेत, मधल्या जागा गेल्या. जागा पुन्हा सोडता येतील, पण नुसती शांतता भरली तर ऐकणाऱ्याला किती घ्यायचं, किती सोडायचं, कळणार नाही.

बाईंनी मांडीवरची पाटी सरळ केली आणि लिहिलं, 'शब्द माझेच राहू देत. श्वास कोणाचाही चालेल. खोटा नको.'

"कोणाचा घेऊ?"

बाईंनी पेन्सिलीचं टोक तिच्याकडे केलं.

दुसऱ्या दिवशी ती नमुना भरून घेऊन गेली. बाईंनी तो डोळे मिटून ऐकला. 'हा गळ्यातला आहे,' त्यांनी लिहिलं आणि तिचाच हात उचलून तिच्या पोटावर ठेवला.

मग ती रोज काम सुटलं की खाटेशेजारच्या स्टुलावर बसू लागली. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. अंक बाई बोटांनी दाखवायच्या. तिसऱ्या बोटापर्यंत सगळं सुरळीत जायचं. चौथं उघडलं की ती थांबायची.

'तिथे काय आहे?' बाईंनी एकदा लिहून विचारलं.

"काही नाही."

लहानपणी तिला दमा होता. श्वास तळाशी गेला की छातीत बारीक शिट्टी वाजायची. भावंडं एकाच खाटेवर झोपत. शिट्टी वाजली की धाकटा उठून बसायचा, आईला हाक मारायचा आणि आई येईपर्यंत खणातून पंप शोधून आणायचा. सहा वर्षांच्या त्या पोराने बहिणीचं नावच शिट्टी ठेवलं होतं. पुढे दमा गेला, नावही गेलं. श्वास तळापर्यंत न्यायचा नाही, एवढं मात्र तिच्याकडे राहिलं होतं आणि ते राहिलंय हे तिला ठाऊक नव्हतं.

नवव्या दिवशी चौथं बोट उघडलं आणि ती थांबली नाही. आत कुठेतरी जुनी, बारीक शिट्टी वाजली. पलीकडच्या खाटेवरच्या आजींनी वळून पाहिलं. बाईंनी पाटी उचलली नाही, नुसती मान डोलावली. तिला रडू आलं. बाईंची बोटं एक-एक करून मिटत होती. तिने ते सहा मोजत बाहेर जाऊ दिलं.

एकच श्वास भरून तो सगळीकडे चिकटवता आला असता. तिने अठ्ठेचाळीस वेगवेगळे भरले. बाईंच्या 'घ्या' आणि 'सोडा'मध्ये ते एकेक करून बसवले आणि पाठ पुन्हा सत्तावीस मिनिटांचा झाला.

मालकांनी मागे उभं राहून थोडा ऐकला.

"ती शिट्टी काढून टाक."

तिचं बोट बटणावर होतं. रेघेवरची ती बारीक थरथर तिने निवडूनही ठेवली होती.

"राहू दे," ती म्हणाली.

"ऐकू येतेय अगं."

"हो."

रविवारी सकाळी तिने धाकट्याच्या कानांना हेडफोन लावले. डॉक्टरांनी दिलेल्या महिन्यातले चार दिवस उरले होते. श्वास कोणाचे आहेत ते तिने सांगितलं नाही. समोर बसून तिने वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्या कडेवरून बघत राहिली. पहिल्या श्वासाला काही हललं नाही. दुसऱ्यालाही नाही. पाचव्या-सहाव्याला त्याचे खांदे खाली आले. मग त्याने डोळे उघडले आणि एक कान मोकळा केला.

"या बाई नाहीत."

"त्यांचाच आवाज आहे."

"आवाजाचं नाही म्हणत." त्याने पुन्हा ऐकलं. कपाळाला आठी पडली. दार लागताना ऐकून लिफ्टचा दोष शोधायचा, तेव्हा पडायची तशी. "छाती वाजतेय तुझी."

तिने वर्तमानपत्र खाली केलं नाही.

"कधीपासून?"

"असंच. थोडीशी."

"आणि पंप?"

पंप तिने बावीस वर्षांत हातात धरला नव्हता. घरात तो नव्हताच.

"असेल कुठेतरी."

खुर्ची मागे सरकली. हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. आतल्या खोलीत पहिला खण उघडला, बंद झाला. दुसरा उघडला. तिसरा दोन वर्षांपासून अडकायचा. तो दोनदा ओढला गेला, मग थांबला. मग बराच वेळ नुसती खुडबुड. टेबलावरच्या हेडफोनमधून बाई मुंगीएवढ्या आवाजात घ्या म्हणत होत्या, सोडा म्हणत होत्या.

"शिट्टी," आतून हाक आली. "पंप नाहीये इथे. पण या खणाची पट्टी निखळलीय. स्क्रूड्रायव्हर आहे का घरात?"