आंब्याचे अकरा ओंडके

बत्तीस वर्षं मी वनस्पतीशास्त्र शिकवलं. त्यामुळे झाडाबद्दल मी काही बोलले की समोरचा मान डोलावतो. त्यात माझा काय दोष, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला बजावत होते. पण खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगीच नाही.

तेजस, आमचा मुलगा, इथल्या कंपनीत लागला म्हणून मी आणि अरविंद पुण्याचं बिऱ्हाड हलवून हैदराबादला आलो. विद्यानगरात भाड्याचं घर, मागे छोटं अंगण, अंगणाला कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे पद्मावतीबाई. मूळच्या परभणीकडच्या, पण तीन पिढ्या इथे गेलेल्या. आमचं सामान टेम्पोतून उतरत होतं त्याच दिवशी त्यांनी भिंतीवरून लोणच्याची बरणी पुढे केली.

"आमच्याच झाडाच्या कैऱ्या हायेत. ह्यांनी लावलेलं झाड. खाऊन बगा, वंदनाबाई."

हे म्हणजे प्रतापराव. आम्ही यायच्या वर्षभर आधी वारले. घर बांधलं तेव्हा त्यांनी लावलेला आंबा अडतीस वर्षांचा होता, आणि त्याची मांडीएवढी जाड फांदी थेट आमच्या अंगणावर आली होती.

निवृत्त माणसाला छंद हवा. मला अळंबीचा लागला. पेंढा भरलेल्या पिशव्यांत कुणीही अळंबी काढतं. मला मेलीला ओंडक्यांवरच काढायची होती. दोन हात लांबीचे ओंडके घ्यायचे, त्यांना ड्रिलनं भोकं पाडायची, भोकांत अळंबीचं बी दाबून भरायचं, वरून गरम मेणानं तोंड बुजवायचं. मग सावलीत रचून सहा-आठ महिने पाणी मारत राहायचं. सोपं आहे. फक्त लाकूड ताजं तोडलेलं लागतं. वखारीतल्या सुक्या लाकडाचा उपयोग नाही.

मी भिंतीपाशी जाऊन म्हटलं, "तुमची एवढी एक फांदी द्याल का? आमच्याच बाजूची आहे."

"नक्को बाई," त्या हात जोडून म्हणाल्या. "दुसरं काय बी मागा. ह्यांच्या हातचं हाय ते."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? एवढं अवाढव्य झाड, त्याची एक फांदी मागितली तर काय जीव मागितला का? चार दिवस मी धुमसत होते. पाचव्या दिवशी त्यांच्याकडे चहाला गेले, आंब्यापाशी थांबले आणि बुंध्यावर बोटांनी टकटक केलं. चांगला भरीव आवाज आला.

"थोडं पोकळ वाटतंय हो," मी म्हणाले.

उचलली जीभ, लावली टाळ्याला! माझा हिशेब एवढाच होता की बाई घाबरतील आणि भार कमी करायला आमच्या बाजूची फांदी उतरवतील. त्या घाबरल्या खऱ्या. चेहरा पांढराफटक पडला.

"पोकळ? कशानं?"

शिक्षकाला प्रश्न विचारला की उत्तर द्यायची खोड असते. "पाणी कमी पडलं असेल मधे," मी सांगून मोकळी झाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी शारजात राहणाऱ्या मुलाला, गौतमला, फोन लावला. गौतम म्हणाला, तू घरात एकटी, झाड छपरावर पडलं तर? फांदी-बिंदी नको, पूर्ण झाड काढ. पद्मावतीबाई भिंतीपाशी आल्या. डोळे सुजलेले होते.

"तुमी शिकलेल्या बाई. तुमी म्हणाल तसं करते."

त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. "थांबा, मी पुन्हा नीट बघते," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कुणाला कळलंही नसतं. मी म्हणाले, "तुमचा निर्णय आहे, बाई." आणि झाड तोडायच्या परवानगीसाठी पालिकेला द्यायचा अर्ज माझ्याच वळणदार अक्षरात लिहून दिला.

झाड पडताना बघवणार नाही म्हणून त्या सिकंदराबादला बहिणीकडे जाऊन राहिल्या. जानेवारीची अखेर होती, झाड मोहरानं भरलेलं होतं. लाकूडतोड्यांचा मुकादम अप्पाराव, त्यानं बुंध्यात करवत अर्धी घातली आणि थांबला. "मंची चेट्टु, अम्मा," म्हणाला. चांगलं झाड आहे. एवढी तेलुगू मला एव्हाना येत होती. मी न कळल्यासारखं केलं.

बुंधा कापून झाला तेव्हा गाभ्यापर्यंत एक चीर नव्हती. मी त्यांना तो जमिनीलगत कापायला लावला, वर माती लोटली आणि मातीवर मोगऱ्याची कुंडी आणून ठेवली. झाकली मूठ! पद्मावतीबाई परत आल्या तेव्हा दिसायला फक्त मोगरा होता. माझ्या अंगणात अकरा ओंडके रचलेले होते.

"फांदी मागायला गेलीस आणि झाड घेऊन आलीस," अरविंद म्हणाला. "नशीबवान आहेस."

तो हसत नव्हता. मी त्याच्या अंगावर ओरडले, दोन दिवस बोलले नाही. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा असा राग येतो.

मे महिन्यात बरणी आली. आली याचंच मला ओझं झालं. "ह्या साली बाजारातल्या कैऱ्या," पद्मावतीबाई म्हणाल्या. "चव नाय तशी." मी ओंडक्यांवर पाणी मारत होते. त्या भिंतीला टेकून बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "हे गेले तवा सा महिने मी घराभाईर पडले नाय. झाडाला एक बादली पाणी घातलं नाय. आतून वाळलं बगा ते माझ्यापायी. ह्यांच्या फोटोकडं बगवत नाय मला."

"असं काही नसतं हो," मी म्हणाले आणि नळ बंद करायला गेले. नळ बंद करायची काही गरज नव्हती.

त्या रात्रीपासून मला लोणचं गिळवेना. अरविंदला सांगितलं, पित्त झालंय.

सप्टेंबरात ढिंगरी अळंबी आली. शिंपल्यांसारखे पांढरे झुबके, एकावर एक. इतकी देखणी, की मी सगळं विसरून अर्धा तास नुसती बघत बसले. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली आणि मी मराठी मंडळातल्या बायकांना बोलावलं, बघायला आणि खायला. सात-आठजणी आल्या. पद्मावतीबाईंना मीच हाताला धरून आणलं आणि पुढच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या झाडाचं काहीतरी त्यांना परत देते आहे, असं काहीतरी माझ्या मनात होतं. काय म्हणावं आता याला!

मंडळातल्या मेधानं विचारलं, "काकू, कुठलंही लाकूड चालतं का हो?"

"छे, छे!" मी म्हणाले. वर्गात उभी असल्यासारखी. "लाकूड निरोगी हवं. जरा जरी किडलेलं, पोकळ असलं, तर आत आधीच दुसरी बुरशी बसलेली असते. आपलं बी रुजतच नाही. हे बघा..." आणि मी ओंडका फिरवून कापलेली बाजू सगळ्यांपुढे धरली. "गाभ्यापर्यंत कसं घट्ट आहे!"

बोलले आणि ओंडका पटकन खाली ठेवला.

मेधाच्या लक्षात आलं. "पण हा पद्मावतीकाकूंचाच आंबा ना? तो तर पोकळ होता म्हणून..."

उत्तर पद्मावतीबाईंनीच दिलं. "फांद्या चांगल्या असतील गं. बुंधा सडला होता. ह्यांच्या माघारी मीच पाणी नाय घातलं." त्यांनी ताटलीतली भाजी तोंडात घातली. "बगा, मेलेल्या झाडातून बी बाईंनी काय गोड काढलं!"

बायका माना डोलावत होत्या. मी गप्प बसले असते तर प्रकरण तिथेच मिटत होतं, कायमचं. पण त्या बाई माझं खोटं स्वतःच्या डोक्यावर घेऊन माझीच भाजी गोड म्हणत होत्या. मला ते सहन झालं नाही.

"पद्मावतीबाई, झाड पोकळ नव्हतं."

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या.

"बुंधाही ह्याच्यासारखाच घट्ट होता. मी बघितलाय. मी खोटं बोलले. मला फांदी हवी होती."

त्यांनी ताटली मांडीवर ठेवली. मला वाटलं आता शिव्या देतील, द्याव्यात. त्यांनी विचारलं, "मग पाण्यानं नाय झालं?"

"नाही. पाण्याचा काही संबंध नव्हता."

"म्हणजे माझ्यानं नाय मेलं ते?"

"नाही हो. तुमच्यानं नाही."

त्या पदर तोंडाला लावून रडल्या, आणि मधेच चक्क हसल्या. एखादीला डॉक्टरनं काही नाही म्हणून सांगावं, तसं. "आठ महिने ह्यांच्या फोटोला हार घालते ते मान खाली घालून," त्या म्हणाल्या. त्यांनी थोबाडीत मारली असती तर मला एवढं लागलं नसतं. बायका एकेक करत पर्सा उचलून निघून गेल्या. मेधा माझ्याकडे न बघता गेली.

पद्मावतीबाईंनी डोळे पुसले, उठल्या. आता आवाज निराळा होता.

"ओंडके किती हायेत?"

"अकरा."

"समदे माझ्या अंगणात आणून ठेवा. आज. आणि पाणी तुमी घालायचं, रोज सकाळी. झाड माझ्यापायी तहानेनं मेलं म्हणून मी आठ महिने झोपले नाय. ह्यांचं उरलंय तेवढं तरी वाळू द्यायचं नाय."

अरविंदनं आणि तेजसनं ओंडके भिंतीवरून पलीकडे दिले.

तेव्हापासून रोज सकाळी सातला मी जाते. त्यांनी मोगऱ्याची कुंडी उचलून कडेला ठेवली आहे. बुंध्यावरची माती हातानं काढून तो स्वच्छ धुतला आहे, आणि त्याच्या शेजारीच खुर्ची टाकून त्या बसलेल्या असतात. मी बादल्या भरते, ओंडक्यांवर ओतते. अळंबी येते तेव्हा त्या खुडतात आणि गल्लीत वाटतात. आमच्याकडे येत नाही. लोणच्याची बरणीही यंदा आली नाही, मे अर्धा सरला तरी.

काल मला राहवलं नाही. बादली खाली ठेवून मी विचारलं, "पद्मावतीबाई, लोणच्याला कैऱ्या आणून देऊ का? चांगल्या बघून आणते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या घट्ट बुंध्याकडे बघितलं.

"पाणी घाला, बाई," त्या म्हणाल्या.