मी अर्धंच यंत्र थांबवत होतो

मित्रांनो, मी एक जुना लाल खटका आहे, पण मला ‘बिचारा’ म्हणायचं काम नाही. संगणकाच्या हुकमानं लाकूड कोरणाऱ्या सीएनसी यंत्राच्या कडेला मी बसतो. काही विपरीत घडलं की माणसानं मला दाबायचं आणि मी यंत्र जागच्या जागी थांबवायचं, यासाठीच माझा जन्म.

शेकडो भावंडांसोबत एका खोक्यात बसून मी दुकानात आलो आणि तिथून एकटाच अमेरिकेतल्या हॅनकॉक गावाजवळ वाइनो लाहतीच्या सुतारकामाच्या शेडमध्ये. त्या भागात घरटी एक सौना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, त्यामुळे वाइनोच्या दरवाजांना मागणी भरपूर. टेबलावरून एक जड आडवा पूल पुढेमागे सरकतो आणि त्याच्यावरचं पातं फळी कोरतं. सुरुवातीला या पुलाला डावीकडे एकच मोटर होती. उजवी बाजू मागे रेंगाळायची आणि दरवाजे तिरके निघायचे. मग वाइनोनं उजवीकडे दुसरी मोटर बसवली. दोघी जोडीनं चालू लागल्या. पण नव्या मोटरची तार त्यानं माझ्यातून नेलीच नाही, सरळ भिंतीतल्या प्लगला लावली. रविवारी नीट करतो, म्हणाला. नऊ हिवाळे गेले, तो रविवार काही उगवला नाही.

पाहुणा आला की वाइनो मला टिचकी मारून सांगायचा, हा बसलाय ना, मग काळजी कसली. मला त्या कौतुकाची चीड यायची. मी अर्धंच यंत्र थांबवू शकत होतो आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

गेल्या वर्षी वाइनोची वहिनी इर्या टेबलावर फळ्या लावायच्या कामाला आली. पस्तीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेली बाई. पहिल्याच सकाळी तिनं बजावलं की यंत्र रिकामं चालव, मी खटका दाबून बघते, त्याशिवाय फळीला हात लावणार नाही. वाइनोला हसू आलं.

“वहिनी, नऊ वर्षांत इथं कुणाचं नखसुद्धा गेलं नाही.”

“आता नखं माझी आहेत, वाइनो. चालव.”

तिनं मला दाबलं. डावी मोटर थांबली, पातंही थांबलं. उजवी मात्र चालतच राहिली. पूल तिरपा होत गेला, करकरला आणि त्याला धरणारा ओतीव लोखंडी ठोकळा तडकून खाली पडला. वाइनोनं धावत जाऊन प्लग उपटला.

मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. खटका सडलाय, असं म्हणत त्यानं मला उखडलं आणि खिळ्यांच्या डब्यात फेकलं. मित्रांनो, नऊ वर्षांत मला एवढा राग कधी आला नव्हता.

इर्यानं मला डब्यातून काढलं, माझ्या टोकांना वीज तपासायचा मीटर लावला, मग तारा चाचपत भिंतीपर्यंत गेली.

“खटका ठणठणीत आहे. तुझी दुसरी मोटर याला ओळखतच नाही. उद्या मी त्या पुलाखाली हात घातला असता, वाइनो.”

वाइनोनं तुटका ठोकळा उचलून टेबलावर ठेवला.

“चुकलं, वहिनी. आळस केला.”

लाहतींच्या घरात पुरुष एवढं बोलला म्हणजे भाषणच झालं.

तीन दिवस काम बंद राहिलं, तारा नव्यानं ओढल्या गेल्या आणि मी परत माझ्या जागी बसलो. आता दोन्ही मोटरींची आणि पात्याची वीज माझ्या एका दाबानं तुटते. पुलाची बाजू टेकली की तिची मोटर थांबवणारा एकेक छोटा खटकाही दोन्हीकडे बसवलाय. रोज सकाळी दोन्ही बाजू आपापल्या खटक्याला टेकतात आणि पूल काटकोनात येतो. इर्या अंगातला कोट काढण्याआधी मला दाबते, सगळं थांबलेलं बघते, मगच फळी उचलते.

माझा लाल रंग उडालाय, कडेला चीर गेलीय. वाइनो हल्ली फडक्यानं मला पुसतो. पुसू दे बापडा, मला त्याची गरज नाही. मित्रांनो, मोठे होऊन यंत्रापुढे उभे राहाल तेव्हा माझ्या भाऊबंदांवर आंधळा विश्वास ठेवू नका. आधी दाबा, सगळं यंत्र थांबतंय का ते डोळ्यांनी बघा. न तपासता कुणी माझं कौतुक केलं, तर ते मी घेणार नाही.