उसना गळा

आन्सेल्म केर्वेलाने नायिकेचा हात हातात घेतला आणि नुसतेच ओठ हलवले. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने मायक्रोफोनसमोर उभ्या असलेल्या फिर्मँने, नाटकांत काम करणाऱ्या एका नटाने, त्याच क्षणी वाक्य म्हटलं. दोघांचं बरोबर जुळलं. दिग्दर्शक बेर्तिये खुर्चीत मागे रेलला.

मूकपटांच्या काळात आन्सेल्मच्या डोळ्यांवर सारं पॅरिस लुब्ध होतं. महायुद्धात विषारी वायूने त्याचा गळा भाजून निघाला होता. उरला होता तो खरखरीत, निम्मा विरलेला आवाज. मूकपटांत त्यामुळे कुणाचंच काही अडलं नाही. मग बोलपट आले. आवाजाची चाचणी झाल्यावर बेर्तियेने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की चेहरा तुझा, आवाज फिर्मँचा. जमत नसेल तर फिर्मँचा चेहराही काही वाईट नाही. आन्सेल्मने होकारार्थी मान हलवली.

चित्रपट लागला तेव्हा ब्रेस्टहून त्याची आई आली. मातुरिन कित्येक वर्षांपासून आंधळी होती. मुलाचे चित्रपट तिला शेजारणी सांगतील तेवढेच ठाऊक. आता चित्रपट बोलतात हे कळल्यापासून तिने धोशाच लावला होता. त्याने सबबी सांगून पाहिल्या, तर ती एकटीच आगगाडीत बसून आली.

अंधारात त्याचं मनगट धरून, मान किंचित तिरपी करून ती ऐकत राहिली. पडद्यावर आन्सेल्म बोलला, भांडला, शेवटी रडला. आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या. मातुरिन अजून वाटच पाहत होती.

दिवे लागले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने त्याला ओळखलं आणि तो बोलायला वळला. आन्सेल्मने ओठांवर बोट ठेवलं.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "शेवटी रडत होता त्याचं काम छान झालं. कोण रे तो?"

"आहे एक. नाटकातला."

"आणि तू?"

दारावरच्या फलकावर त्याचाच चेहरा होता, दोन माणसांएवढा उंच. त्याखालून लोक त्याच्याकडे वळून पाहत जात होते.

"माझं काम कापलं, आई."

ती थांबली. चाचपडत तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं, कॉलर सारखी केली.

"असू दे," ती म्हणाली. "गावात मी सांगेन, छान बोललास म्हणून."