चाळीस मिनिटं

एमिलच्या कॉलरच्या वर, मानेवर घामाचे थेंब जमले होते आणि मागच्या खुर्चीवरून ते मला नको इतके स्पष्ट दिसत होते. राजदूत होऊ घातलेला माणूस वॉशिंग्टनला सिनेटच्या समितीपुढे बसतो तेव्हा त्याच्या घरची माणसं त्याच्या पाठीमागच्या रांगेत बसतात, अशी तिथली पद्धत आहे. एमिल कोझेलच्या पाठीमागे आम्ही दोघीच होतो. एक त्याची बायको ओल्गा, आणि दुसरी मी, व्लास्टा बार्टोस, चौदा वर्षं त्याचं ऑफिस सांभाळणारी. ओल्गाने नवी टोपी घातली होती.

एमिलच्या शेजारी वेन डॅगेट बसला होता. नेमणूक व्हायच्या माणसाची ओळख त्याच्या भागाच्या खासदाराने करून द्यायची, हीसुद्धा पद्धतच. आता आमच्या भागाचा खासदार डॅगेट होता, आणि तो झाला होता सहाच महिन्यांपूर्वी, एमिलला एकोणीस मतांनी हरवून. माणूस वाईट नाही. पण स्वतःचा आवाज त्याला फार आवडतो, आणि आवाज लागला की कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही.

"निवडणुकीच्या संध्याकाळी यानं मला फोन करून अभिनंदन केलं," डॅगेट सांगत होता. "नंतर फरक एकोणीसवर आला. यानं फेरमोजणीचा अर्ज दिला, आणि चाळीस मिनिटांत स्वतःच परत घेतला. असा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही."

स्तुतीच करत होता बिचारा. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा टेबलाच्या टोकाला इतका वेळ पेंगत असलेले सिनेटर ऑगडेन सरळ बसून चष्मा पुसत होते.

ती चाळीस मिनिटं काय होती ते जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एकाच्या मानेवर घाम आला होता आणि दुसरी मी.

आमचं ऑर्विन म्हणजे मक्याच्या शेतांमध्ये टाकलेलं चेक लोकांचं गाव. एमिलच्या वडिलांचं बियाण्यांचं दुकान होतं. एमिल त्या दुकानातून जिल्ह्याच्या मंडळावर गेला, तिथून राज्याच्या विधानसभेत, आणि मग तीन वेळा वॉशिंग्टनला खासदार म्हणून. त्याच्या नावावर कायदा म्हणाल तर एकच, अंड्यांची प्रतवारी कशी करावी याचा, आणि गावात त्यावरून त्याची यथेच्छ थट्टा व्हायची. त्याचं खरं काम होतं पत्रं. कुणाचं पेन्शन अडलंय, कुणाला सैनिकांच्या इस्पितळात खाट मिळत नाही, त्या प्रत्येकाला उत्तर जायचं आणि खाली सही असायची, एमिल कोझेल.

ती सही माझी. तरुणपणी मक्याचे दाणे काढायच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. त्याला एक सही करायला लागायचा तेवढ्या वेळात मी दहा करायचे, आणि त्या त्याच्याहून देखण्या असायच्या. चौदा वर्षांत लोकांनी फ्रेम करून भिंतीवर लावली ती माझी सही. वॉशिंग्टनमध्ये सगळ्याच ऑफिसांत असं काही ना काही चालतं, त्यात लपवण्यासारखं कुणालाच काही वाटत नव्हतं.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या निवडणुकीत मंगळवारी संध्याकाळी साडेआठलाच एमिल नऊशे मतांनी मागे होता. आमच्याकडे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला फोन करायचा असतो, आणि तो फोन होईपर्यंत त्याच्यासाठी राबलेली माणसं घरी जात नाहीत. बाहेर बर्फ सुरू झाला होता, आणि हॉलमध्ये सत्तरीतल्या म्हाताऱ्या कागदी झेंडे हातात धरून अवघडून बसल्या होत्या. एमिल म्हणाला, यांना रस्ते बंद व्हायच्या आत घरी पोचू दे. त्याने फोन केला. अभिनंदन केलं. सगळ्यांना कोट चढवायला मदत केली.

उत्तरेकडच्या दोन वस्त्यांच्या पेट्या बर्फात अडकल्या होत्या, त्या बुधवारी दुपारी आल्या. त्या मोजल्यावर फरक राहिला एकोणीस मतांचा.

फेरमोजणी मागायची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत होती. त्या फोनला कायद्यात काडीचीही किंमत नाही, हे त्याचा प्रचार सांभाळणारा रॉय टिब्स त्याला तीन दिवस समजावत होता. एमिलचं उत्तर एकच. मी बोलून बसलोय. शुक्रवारी सकाळी आनेझ्का हायेकबाई ऑफिसात आल्या. त्यांचा मुलगा व्हिएतनामहून एक पाय गमावून आला होता आणि त्याच्या पेन्शनचा कागद अकरा महिने फिरत होता. तुम्ही गेलात तर माझ्या पोराची फाइल कुणाच्या टेबलावर जाणार, एवढंच त्यांनी विचारलं. एमिलने त्यांचा हात हातात घेतला. मग तो घरी निघून गेला.

मला त्याचा संताप आला, तो मी आजही नाकारत नाही. शब्द त्याचा असेल, पण मतं तर लोकांची होती. आणि खरं सांगायचं तर मला माझ्या नोकरीचीही धास्ती होती. रॉयने भरून ठेवलेला अर्ज टेबलावर पडला होता. मी पेन उचललं आणि रोज करायचे तशी सही केली. चार वाजून दहा मिनिटांनी मी जिल्ह्याच्या कचेरीत तो कारकून मिलो फियालाच्या खिडकीत दिला, आणि मिलोने त्यावर शिक्का मारला.

शिक्क्याचा आवाज झाला तेव्हा मी काय करून बसले ते मला कळलं. पेन्शनच्या पत्रावर सही करणं वेगळं आणि निवडणुकीच्या कागदावर करणं वेगळं. त्या गुन्ह्याला तुरुंग होता. मी तिथेच बाकावर बसून राहिले.

मिलोने कौतुकाने एमिलला घरी फोन केला, बरं केलंस म्हणून. पाचला दहा कमी असताना एमिल आला. त्याच्या बुटांवर बर्फ होता आणि कोटाची बटणं चुकीची लागली होती. त्याने कागद मागून घेतला, सही पाहिली, मग बाकावर मला पाहिलं. मी माझ्या आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. ही सही माझी नाही, एवढं म्हटलं असतं की त्याचा शब्द डागाशिवाय राहिला असता आणि मी संपले असते.

"मिलो, हा मागं घ्यायचा झाला तर काय करावं लागतं?"

"शिक्का बसलाय, एमिल. वेगळं लिहून दे."

एमिलने तिथेच उभ्याने लिहून दिलं आणि तीन बोटांनी सही केली, वाकडीतिकडी. मिलोने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि सह्या ताडून पाहिल्या.

"हात कापतोय का रे तुझा?"

"बाहेर थंडी फार आहे," एमिल म्हणाला.

गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. आधी दिलेला शब्द मोडला, मग चाळीस मिनिटांत कुणीतरी येऊन सौदा केला आणि यानं खुर्ची विकली. मार्चमध्ये राजदूतपदाचं बोलावणं आलं तेव्हा तर लोकांना पावतीच सापडल्यासारखं झालं. पद तरी केवढं? प्रशांत महासागरातला बेटांचा देश, नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल एवढा. एमिलला सेवा करायची हौस होती, ती कुठेही भागली असती. ओल्गा किराण्याच्या दुकानात शिरली की मात्र बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. तिने मला एकदा विचारलं, त्या दिवशी त्याच्या मनात काय आलं गं? मी म्हटलं, मला काय ठाऊक.

आणि आता सिनेटर ऑगडेन चष्मा लावून पुढे वाकले होते.

"कोझेलसाहेब, आपण शपथेवर आहात. त्या चाळीस मिनिटांत आपण कुणाशी बोललात?"

"आमच्या कचेरीच्या कारकुनाशी. दुसऱ्या कुणाशीही नाही."

"खासदार डॅगेट यांच्याकडून निरोप? त्यांच्या पक्षाकडून?"

"नाही."

"मग चार दहाला जे हवं होतं ते पाचला दहा कमी असताना नको का झालं?"

ओल्गाने माझ्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात गार होता आणि माझी नाडी तिच्या बोटांखाली धावत असणार. मी उठायचं ठरवलं. खरंच ठरवलं. आणि पर्स मांडीवर धरून बसूनच राहिले.

"सिनेटरसाहेब," एमिल म्हणाला, "सहा वर्षं माझ्या ऑफिसातनं माझ्या नावानं हजारो कागद बाहेर गेले. चांगलं झालं तेव्हा लोकांनी माझे आभार मानले, आणि मी ते घेतले. मग चुकीचा एखादा गेला तर तोही माझाच. हा जायला नको होता. मी माणसाला शब्द दिला होता. कळल्याबरोबर परत घेतला."

"कळल्याबरोबर? म्हणजे आपल्याला आधी माहीत नव्हतं?"

माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली.

"कागद माझा आहे," एमिल म्हणाला. "मी याहून जास्त सांगणार नाही. त्यानं नेमणूक गेली तर जाऊ द्या."

ऑगडेन त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर हळूच त्याच्या खांद्यावरून मागे आली, माझ्यावर थांबली, आणि मला वाटलं झालं. मग त्यांनी फाइल मिटली आणि पुढचे प्रश्न नाहीत म्हणाले. त्यांना कळलं की नाही ते मला आजवर ठाऊक नाही. त्यांच्याही ऑफिसात सह्या करणारी कुणीतरी असेलच.

बाहेरच्या लांब बोळात ओल्गा हात धुवायला गेली तेव्हा मी एमिलला म्हटलं, "मी आत जाते. सांगते सगळं."

"काय सांगणार? तुरुंगात टाइपरायटर देणार नाहीत तुला."

"एमिल, थट्टा नको. आयुष्यभर लोक तुला विकलेला म्हणतील."

"म्हणतील." त्याने रुमालाने मान पुसली. "तुझ्यावर मी रागावलोय, व्लास्टा. अजून रागावलोय. पण तो राग तुझ्या-माझ्यातला आहे. त्यांना कशाला द्यायचा?"

"ओल्गाला तरी सांग."

"ओल्गाला सांगितलं तर ती गावाला सांगेल. माझ्यासाठीच सांगेल. मग तुझं काय?"

नेमणूक झाली, दोन मतांच्या फरकाने. आज एमिल नाही, ओल्गा नाही, मिलोही गेला, म्हणून मी हे लिहायला बसले. आधी का नाही बसले, याचं उत्तर कुणी विचारायच्या आधी मीच देते. भ्याले.

एमिल निघायच्या आधीच्या रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये निरोपाचं जेवण ठेवलं. आमच्या गावातून कुणी सैन्यात गेलं तरी शंभर माणसं जेवायला येतात, हा तर राजदूत होऊन चालला होता. मी आणि हायेकबाईंनी एकशेवीस पानांचा स्वयंपाक केला. भाजलेलं डुकराचं मांस, आंबट कोबी, बटाटे, आणि खसखस भरलेले गोड पाव, आमचे कोलाचे, परातीत उतरंडीने रचून ठेवले. बाराचं जेवण होतं. सव्वाबारा झाले. साडेबारा झाले. आले चौदाजण, त्यात धर्मगुरू धरून. ओल्गा दाराकडे तोंड करून बसली होती, आणि बाहेर गाडीचा आवाज झाला की तिची मान वर व्हायची.

एमिल भरल्या हॉलमध्ये फिरावं तसा टेबलाटेबलाशी फिरला. मध्ये रिकामी टेबलं होती, तिथे तो थोडा थांबायचा आणि मग पुढे जायचा. हायेकबाईंच्या मुलाला त्याने पेन्शन सुरू झालं का विचारलं. झालं होतं. डॅगेटच्या ऑफिसातनं झालं होतं, दोन महिन्यांत. एमिल म्हणाला, छान झालं, आणि त्याला ते मनापासून छान वाटलं होतं, हे मला त्याचा चेहरा ओळखून सांगता येतं.

रॉय टिब्स आला होता तो बहुधा हे बोलायलाच आला होता. त्याने ताट बाजूला सारलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कितीला विकली गेली रे एमिल आपली एकोणीस मतं?"

ओल्गाचं तोंड पांढरं पडलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात तोच प्रश्न होता. इतके महिने तिने तो गिळला होता.

मी उठले. या वेळी खरंच उठले. खुर्ची मागे सरकली, चौदाही माणसांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पहिला शब्द माझ्या ओठांवर आला.

"व्लास्टा," एमिल म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "बटाटे संपले बघ इकडचे. आणतेस का जरा?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान अगदी थोडी हलवली. मी एक शब्द बोलले असते तर ओल्गाचा नवरा तिला परत मिळाला असता. मला फक्त तेवढं करायचं होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. शंभर माणसांचे बटाटे पातेल्यात तसेच होते, वाफ धरून. मी एक मोठं भांडं काठोकाठ भरलं, बाहेर आले आणि त्याच्यापुढे ठेवलं. ते ठेवायला जागा करावी लागली, कारण टेबलावरचं पहिलं भांडं भरलेलंच होतं.