नावाड्याचं स्वगत

दुपारी अक्षू पेंगायला लागली की मालविका तिला कडेवर घेऊन शेजारच्या आंद्राश-बाचींकडे जायची. बाची म्हणजे त्यांच्या हंगेरियन भाषेत काका. मँचेस्टरच्या त्या गल्लीत ट्रामची घंटा लांबून ऐकू यायची, पण बाचींच्या खोलीत तिसा नदीचं पाणी भरलेलं असायचं.

तरुणपणी हंगेरीत, तिसेकाठच्या सेगेड शहरात, रंगमंचावर ते नावाडी झाले होते. पूर आलेल्या नदीला तो नावाडी झोपवतो, ते स्वगत. मग छप्पन साली रशियनांविरुद्धचं बंड चिरडलं गेलं आणि बाची इंग्लंडला आले. इथे त्यांच्या उच्चारांना भूमिकाच मिळेनात.

"वेटर झालो, हेर झालो. मढं तर इतक्यांदा झालो, विचारू नकोस. एका समीक्षकाने छापलं होतं, प्रेत फार जिवंत वाटलं!"

"अहो, मग कौतुकच की ते!"

"टाळ्या मात्र नाहीत गं. आमच्याकडे अख्खं थिएटर एका ठेक्यात टाळ्या वाजवतं. तो ठेका अजून कानात आहे."

आता हंगेरियन क्लबने त्यांना रविवारी बोलावलं होतं. एकदाच, आपल्या भाषेत, स्टेजवरून. पण हल्ली शब्द निसटायचे. म्हणून मालविका प्रॉम्प्टर. सगळं स्वगत तिने ऐकून ऐकून देवनागरीत उतरवलं होतं.

"कागदाकडे नको, माझ्या छातीकडे बघ," बाची बजावायचे. "श्वास धरला तर तो पॉज. मध्ये बोललीस तर खबरदार! श्वास सोडला की समज, मी बुडालो."

घरी अक्षू झोपेना की मालविकाच्या तोंडी तेच यायचं: ऑलुद्य, फोयो. झोप गं नदी. चाल मात्र नागपूरची, आई भीमजयंतीला म्हणायची त्या पाळण्याची.

"पोरगी पहिला शब्द हंगेरियन बोलणार बघ," जयंत बायकोला चिडवायचा.

रविवारी क्लबच्या हॉलमध्ये पिकल्या केसांची माणसं आणि कॉफीचा वास. जयंत हॉस्पिटलमध्ये ऑन-कॉल, त्यामुळे अक्षूला मांडीवर घेऊनच मालविका पडद्याआड बसली. बाचींनी काठी बाजूला ठेवली. पाठ सरळ झाली. हॉलमध्ये नदी चढू लागली.

मध्येच ते थांबले. छाती भरलेली होती. मालविका गप्प राहिली. आणि मग ती छाती हळूच खाली बसली.

ती सांगायला गेली तर तोंडातून सूरच निघाला. ऑलुद्य, फोयो... चालीशिवाय ते शब्द तिच्यापाशी नव्हतेच मुळी. तिचे कान तापले. गेलं! बाचींच्या एवढ्या एका दुपारची आपण माती केली.

बाचींनी मान वळवली. अक्षूचे डोळे मिटत होते. ते क्षणभर बघत राहिले, आणि त्यांनी तीच चाल उचलली. थरथरत, जरा बेसूर. नागपूरच्या पाळण्यात तिसेचा पूर इंच इंच ओसरत गेला. शेवटचे शब्द तर नुसत्या ओठांनी म्हटले.

समोर टाळ्यांसाठी हात वर झाले. बाचींनी घाईने पडदा सारून झोपलेली अक्षू दाखवली, आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

खुर्च्यांतून हसू पसरलं. मग सगळ्यांनी तळहातावर दोन दोन बोटं वाजवली, एका ठेक्यात, नावेला पाणी लागावं इतकी हलकी.

बाची डोळे मिटून ऐकत उभे होते. त्यांनी श्वास धरला होता.